पुढे काहीही नाही

पुस्तकांच्या कपाटाला कुलूप दिसलं की माझं डोकं फिरतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा तिथली सगळी चांगली पुस्तकं काचेच्या कपाटांत बंद होती. किल्ल्या एका जाड कडीत घालून शिपायाच्या कमरेला. मी ती कपाटं उघडून टाकली, तेव्हा प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, पुस्तकं चोरीला जातील."

मी म्हटलं, "सर, गेली तर निदान कुणीतरी वाचेल."

त्यांना ते आवडलं नाही, आणि पुढची काही वर्षं ते मला समारंभांत मागच्या रांगेत बसवत राहिले. पण मी निवृत्त होईपर्यंत त्या कपाटांना पुन्हा कुलूप लागलं नाही.

हा हट्ट वडिलांकडून आलेला. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा वडील शाळेत होते. हुशार होते. मॅट्रिक झाल्यावर त्यांच्यासारख्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती होती, ती त्यांना अर्जाची मुदत संपल्यावर कळली. ज्यांना आधीपासून ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. काहींनी मुद्दाम, काहींच्या ध्यानात आलं नाही. वडील या दोन्हींत फरक करत नसत. पुढे ते पोस्टात लागले, आणि आमच्या वस्तीतल्या विहाराबाहेरच्या फळ्यावर दर रविवारी खडूने लिहू लागले. कुठे भरती निघाली आहे, कुठले अर्ज सुटलेत, शेवटची तारीख कोणती. घरी कुणी आलं तर चहाच्या आधी विचारत, "पोराचा अर्ज भरला का?" आपल्याला जे कळलं ते संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याला कळलं पाहिजे, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. त्या फळ्यावर वाचून नोकरीला लागलेली माणसं मला अजून कुठेकुठे भेटतात आणि खडूच्या अक्षराची आठवण काढतात.

तर अशा माणसाच्या मुलीने, निवृत्त झाल्यावर, जवळजवळ अख्खा हिवाळा एक गोष्ट पोटात ठेवली. नवऱ्याला हाताशी धरून. आणि त्यात मला मजा आली, हेही सांगून टाकते.

आम्ही शहरातली भाड्याची जागा सोडून वाघोलीत फ्लॅट घेतला. स्वारगेटला राहणारे आमचे नातेवाईक इकडे यायचं तर परगावी निघाल्यासारखे पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन निघतात. आमच्या सोसायटीच्या मागे मोकळं रान आहे. थोडी ज्वारी, थोडी बाभळ, आणि पलीकडे दगडाची एक जुनी खाण, बंद पडलेली. खाली पाणी साचलंय, तीन बाजूंनी कातळ सरळ तासलेला आहे. सकाळी आम्ही दोघं तिथवर फिरायला जातो, काठावरच्या लिंबाखाली बसून थर्मासमधला चहा पितो आणि घरी येतो.

थंडी पडायला लागली होती. नवरा थर्मासच्या झाकणाशी झटत होता आणि मी दुर्बीण लावून समोरचा कातळ बघत होते. दुर्बीण निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेली; चांदीचा दिवा देऊ नका, असं मी आधीच बजावलं होतं. कातळाच्या मध्यावर एक कपार आहे. कपारीत एक तपकिरी धोंडा होता. बघता बघता धोंड्याने डोळे उघडले. मोठाले नारिंगी डोळे, आणि वर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे.

शृंगी घुबड. मी घरी येऊन वाचून काढलं. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या दगडावर अंडी घालतो आणि बसून राहतो. म्हणजे ती बसली होती. तेव्हापासून माझी सकाळ तिच्यापासून सुरू व्हायची. पुढे कपारीत दोन पिल्लं दिसू लागली, पिंजलेल्या कापसाचे दोन बोळे. बोळे एकमेकांना ढकलायचे, आई ढिम्म हलायची नाही.

पक्षी बघणाऱ्यांत एक रीत आहे. पक्ष्याच्या गप्पा कितीही मारा, घरट्याची जागा सांगायची नाही. ही रीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी भडकले होते. पक्षी काय यांचे तीर्थरूप ठेवून गेलेत? पण मग शहरातल्या एका टेकडीवर पिंगळ्याची जोडी ढोलीत राहायला आली आणि कुणीतरी मोठ्या मनाने जागा फोनवरून सगळीकडे पाठवली. माणसं कॅमेरे घेऊन लोटली. फोटोच्या आड येते म्हणून कुणीतरी ढोलीपुढची फांदी तोडली. ढोली उन्हात उघडी पडली आणि जोडी निघून गेली. तो बोडका बुंधा मी बघितला आहे. त्यामुळे खाणीतून परत येताना नवऱ्याने "सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार का आता?" असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "खबरदार."

लपवणं सोपं नव्हतं. रोज त्याच बाजूला जाणारं जोडपं बघून सोसायटीत बोलणं सुरू झालं की आम्ही प्लॉट बघतोय. रान ज्यांचं होतं ते मूळ गावातले शेतकरी, रस्त्यालगत दुमजली बंगला, सगळे त्यांना आबा म्हणतात. ते एकदा जीप थांबवून म्हणाले, "काय बगताय रोज?"

"हवा," नवरा म्हणाला.

"सोसायटीत न्हाई व्हय हवा?"

"आहे. पण ती मेंटेनन्समध्ये धरलेली आहे."

आबा हसले नाहीत. म्हणाले, "खाणीकडं जात जाऊ नका. बिबट्या हाय तिकडं." आणि निघून गेले. त्यानंतर काही दिवस आम्ही छत्री घेऊन गेलो. बिबट्यापुढे छत्रीचं काय करायचं होतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

सगळ्यात अवघड होतं वरच्या मजल्यावरच्या मुलीला तोंड देणं. ती आयटीत आहे, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडते. फोनवर पक्ष्याचा आवाज ऐकवून नाव कसं शोधायचं, हे मला तिनेच शिकवलं, काहीही हातचं राखून न ठेवता. पण जे दिसेल ते फोटोसकट जगाला दाखवण्याची तिला भारी हौस. दर रविवारी जिन्यात भेटली की विचारायची, "काकू, एनी न्यू साइटिंग?"

"कावळे," मी म्हणायचे.

ती हसायची आणि मला तिने काढलेले फोटो दाखवायची. मी ते बघायचे आणि विषय बदलायचे.

एवढ्यावर निभावलं असतं. पण माझा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि सूचना लिहिणं हा त्याचा आनंद आहे. आमच्या लिफ्टमध्ये त्याच्या हातची सूचना आहे: 'लिफ्ट वर-खाली जाण्यासाठी आहे. गप्पांसाठी जिना मोकळा असतो.' एके दिवशी खाणीच्या काठावर त्याला चिप्सचं पाकीट पडलेलं दिसलं. म्हणजे कुणीतरी येऊन गेलं होतं. त्याने मला न सांगता पत्र्याचा तुकडा रंगवला आणि पायवाटेच्या तोंडाशी ठोकला. दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने दाखवायला नेलं.

'पुढे काहीही नाही. खात्री करून घेण्यासाठी जाऊ नये.'

मी पोट धरून हसले. जन्म पुण्यात गेला आहे, मजकूर आवडला. याचं पुढे काय होईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढला. आठवड्याच्या आत तो कात्रजच्या मावसबहिणीकडून माझ्या फोनवर आला, खाली हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. "हे तुमच्या भागातलं ना? लेखक तुमच्याच घरातले वाटतात." त्या रविवारी सकाळी आम्ही गेलो तर पायवाटेच्या तोंडाशी मोटारसायकली उभ्या होत्या. पाटीला खेटून माणसं फोटो काढत होती. फोटो झाला की खात्री करून घ्यायला पुढे जात होती.

"एवढं स्पष्ट लिहिलंय," नवरा म्हणाला.

"स्पष्ट लिहिलंय म्हणूनच आलेत."

खाणीच्या काठावर जत्रा होती. कुणी आवाज घुमतो का बघत होतं, कुणी पाण्यात दगड टाकत होतं. एक दगड कातळावर आपटला आणि घुबड उठलं. भर उन्हात. ते एवढे मोठे पंख मी तोवर पुरते उघडलेले पाहिले नव्हते. लगेच कावळे मागे लागले आणि तिला हाकलत हाकलत बाभळीच्या पलीकडे घेऊन गेले. कपारीत दोन कापसाचे बोळे उरले, दगडाला चिकटून. आई परत आली नाही तर ती पिल्लं संपली, एवढंच मला कळत होतं.

"काकू."

वरच्या मजल्यावरची मुलगी शेजारी उभी होती, पाटी बघायला आलेली. कॅमेरा कपारीकडे रोखलेला होता, तो तिने खाली केला.

"तुम्हाला माहीत होतं."

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून."

"आणि मला कावळे सांगत होतात."

ती ओरडली नाही. तिने शांतपणे लेन्सला झाकण लावलं. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी काकांना तो बोर्ड लावूच दिला नसता. असल्या गोष्टी किती फास्ट व्हायरल होतात, ते मला कळतं, काकू. रोजचं काम आहे माझं."

मला लाज वाटली. तिच्याकडे बघवेना. घुबड लपवण्याच्या नादात, ज्या माणसाला यातलं खरोखर कळत होतं त्याच माणसाला मी दाराबाहेर ठेवलं होतं. वडील असते तर त्यांनी मला काही बोलून दाखवलं नसतं, फक्त खडू हातात घेऊन फळ्याकडे गेले असते.

इतक्यात मागून जीपचा भोंगा वाजायला लागला, तो थांबेचना. आबा अर्धे बाहेर लोंबकळत ओरडत होते, "बिबट्या! बिबट्या बगितला बाभळीत! पळा!" काठ बघता बघता रिकामा झाला. मोटारसायकली धडाधड सुरू झाल्या. माझा नवराही पाचदहा पावलं गेला होता. आपण वाट मोकळी करून देत होतो, असं तो आजही सांगतो.

आबा खाली उतरले. त्यांनी मानेवरचा घाम पुसला आणि आमच्याकडे न बघता आधी कपारीकडे बघितलं. ते मी पाहिलं.

"आबा, बिबट्या कुठे आहे?" मी विचारलं.

"कसला बिबट्या. बिबट्या असता तर मी आलो असतो व्हय?"

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घुबडाची जोडी या खाणीत होती, सुरुंग लागायचे तेव्हासुद्धा. ज्वारीतले उंदीर तीच मारते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण बाहेर कधी कुणी बोललं नाही. "घुबड हाय म्हनलं की दगडं मारत्यात, वैनी. अवसेच्या रातीला करनीसाठी धरायला येत्यात. बिबट्या हाय म्हनलं की घरी बसत्यात." मग ते वळले. "आनि ती पाटी कोनच्या शान्यानं लावली?"

नवरा आकाशाकडे बघू लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे आम्ही तिघं एकाच घुबडाची राखण करत होतो आणि एकमेकांपासून चोरून. आबा आम्हाला बिबट्या सांगत होते, आम्ही आबांना हवा सांगत होतो, आणि मी त्या मुलीला कावळे. कुणी कुणाला एक शब्द खरा सांगितला असता तर पाटीची वेळच आली नसती.

आम्ही लिंबाखाली बसून राहिलो. आई परत येईपर्यंत कुणाचाच पाय निघेना. दुपार झाली, कपारीवर ऊन आलं, बोळे सावलीच्या कडेला सरकले. आबांच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं. खाता खाता वाद निघाला.

मुलगी म्हणाली, "आता सगळ्यांना सांगूनच टाका. लोकांना माहीत असलं की लोक जपतात. माहीतच नाही तर कशाला जपतील?"

"लोकं जपत न्हाईत, बाय. लोकं येत्यात," आबा म्हणाले.

दोघंही खरं बोलत होती, आणि मी दोघांच्या मध्ये बसले होते. टेकडीवरचा तो बुंधा डोळ्यांपुढे होता आणि वडिलांचा फळाही. मग मला माझं ग्रंथालय आठवलं. सगळी कपाटं उघडी टाकली, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगते खरी, पण खिडकीशी एक टेबल होतं. जुनी, पानं सुटायला आलेली पुस्तकं त्या टेबलावर मिळायची. कुणालाही. पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा. फक्त तिथेच बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत. त्यावर कधी कुणी तक्रार केली नव्हती.

मी म्हटलं, "जो येऊन विचारेल त्याला दाखवायचं. नाही म्हणायचं नाही. एका वेळी एकदोघं, आपल्यापैकी कुणीतरी बरोबर, याच लिंबाखाली बसून. फोन आणि कॅमेरा घरी."

"मंजी गाभाऱ्यात फोटो काडायचा न्हाई तसं," आबा म्हणाले. त्यांना ते पटलं.

मुलीने कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन लावली. "माझासुद्धा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझासुद्धा." तिने पिशवी मागे सारली आणि हो म्हणाली.

दिवस मावळायला आला तेव्हा बाभळीकडून एक खोल आवाज आला, दोनदा. मग ती आली. पंखांचा जराही आवाज न करता कपारीत उतरली, चोचीत उंदीर. बोळे तिच्यावर तुटून पडले. आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मुलगी रडत होती आणि माझेही डोळे भरून आले होते. नवरा म्हणाला, "पुढे काहीतरी आहे," आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

पाटी त्याच संध्याकाळी उतरली. तिच्या जागी काय लिहायचं, ते मुलीने सांगितलं. "'खासगी जागा.' बस. काका, प्लीज, बोअरिंग लिहा." त्याने ते लिहिलं. सोपं गेलं नाही त्याला. त्या नव्या पाटीचा मात्र आजवर कुणी फोटो काढलेला नाही.

मग माणसं येऊ लागली, एकेक करून. वॉचमनची बायको आली. आबांची सून आली, लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने घुबड कधी बघितलं नव्हतं. आमच्या तळमजल्यावरचे एक गृहस्थ आले, ज्यांनी आजवर सोसायटीतल्या एकाही गोष्टीला बरं म्हटलेलं नाही. ते बराच वेळ दुर्बिणीतून बघत बसले, उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "हं." याहून मोठं कौतुक आमच्या इमारतीत अजून कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. बोळ्यांना तपकिरी पिसं फुटली, ती कपारीतून उतरून कातळावर चालू लागली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उडून गेली.

पुढच्या हिवाळ्यात कपार रिकामी होती. माझा गुडघा दुखत होता, फार लांब जाता येत नव्हतं. जोडी खाणीतच दुसरीकडे कुठेतरी बसली असणार, पण कुठे? आबा भेटले तेव्हा विचारलं.

"तिकडं जाऊ नका वैनी. बिबट्या हाय," ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

जिन्यात मुलगी भेटली. "काय गं, काही नवीन?"

"कावळे, काकू."

ती वर निघून गेली आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. त्यांना माहीत होतं, आणि मला सांगत नव्हते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "पुढे काहीही नसेल." मी त्याला त्या दिवशी दुसरा चहा दिला नाही. रात्रीचं जेवणही नीट गेलं नाही. एका घुबडापायी माझं हे होत होतं, आणि माझ्या वडिलांचं अख्खं शिक्षण त्या न सांगण्यात गेलं होतं. त्यांचा फळा मी आयुष्यभर सगळ्यांना अभिमानाने सांगत आले, पण तो लिहिताना त्यांना काय वाटत असेल, ते मला त्या दिवसांत कळलं.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. मुलगी दारात होती.

"उद्या सकाळी लवकर निघायचं. अंडी असताना डिस्टर्ब झालं तर जास्त त्रास होतो त्यांना, म्हणून पिल्लं निघेपर्यंत कुणालाच न्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. काल निघाली. गाडी जवळपर्यंत जाते, गुडघ्याची काळजी करू नका." मग जरा हसली. "आबा म्हणाले, वैनींना पहिल्यांदा न्या, न्हाईतर पाटी लावतील."

मी दारातच खुंटीवरची दुर्बीण काढून काचा पुसायला लागले. तिला आत ये म्हणायचं राहूनच गेलं.

"आणि काकू, फोन घरी."

सकाळी मी फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि तिच्यामागोमाग मुकाट्याने जिना उतरले.